हुपरीकर सरांचं बाजारवाचन

“अंड्याचं काय?”

हुपरीकर सरांनी छत्रीचं टोक मुल्लांच्या दुकानाच्या पाटीला लावलं आणि मागं वळून आम्हा पोरांकडं पाहिलं. पाटीवर इंग्रजीत ‘एग्ज’ लिहिलं होतं आणि शेवटच्या ‘एस’च्या आधी, वरच्या अंगाला, स्वल्पविरामासारखी एक टिकली होती.

“ह्या टिकलीला काय म्हणतात?”

“अपॉस्ट्रॉफी!” आम्ही ओरडलो.

“ती काय दाखवते?”

“मालकी!”

“म्हणजे हे झालं ‘अंड्याचं’. आता अंड्याचं काय, ते मुल्लासाहेबांनी लिहिलेलंच नाही. अंड्याचं घर? अंड्याची बायको? का अंड्याची शेतजमीन?”

पोरं फिदीफिदी हसली. सगळ्यात मोठ्यानं अश्फाक हसला. दुकान त्याच्याच वडिलांचं. मुल्लाचाचा आत गिऱ्हाईकाला अंडी बांधून देत होते. पोरं हसतात म्हणून तेही हसले आणि म्हणाले, “चुकलंय व्हय सर? मग काय लिवायचं, सांगा की. रंगवून घेतो.”

“राहू द्या हो. चालतंय,” सर म्हणाले आणि छत्री काखेला मारून पुढं निघाले.

ह्या प्रकाराला सर बाजारवाचन म्हणत. सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. विट्याच्या पुढं आमचं तालुक्याचं गाव, आणि तिथं इंग्रजी म्हणजे हुपरीकर सर. हायस्कुलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरी क्लास काढला. हायस्कुलात होते तेव्हापासून दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी दहावीच्या पोरांना घेऊन ते पेठेतून फिरायचे आणि पाट्यांवरच्या चुका दाखवायचे. बहुतेक चुका ह्या टिकलीच्याच असायच्या. जिथं नको तिथं ठोकलेली, जिथं हवी तिथून पळालेली. शीतपेयांच्या गाड्यावर ती होती, फोटो स्टुडिओवर होती, आणि मेन्स पार्लरवाल्याला जिथं खरंच हवी होती तिथं त्यानं नेमका कात्रीचा रंगीत कागद चिकटवला होता. सर सांगायचे झकास. त्यांच्यासारखं इंग्रजी शिकवणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, हे मी आजही कबूल करते. पण तेवढंच कबूल करते.

बाजारवाचनाचा शेवटचा मुक्काम ठरलेला असे, माझ्या आईचं दुकान.

आई लेडीज टेलर. वडील, दत्तोबा पिसे, कटिंग मास्तर होते. मी पाच-सहा वर्षांची असताना छातीच्या आजारानं गेले. जाण्याआधी, अंथरुणातून उठून बसण्याइतकं बळ असायचं त्या दिवसांत, त्यांनी आईच्या दुकानासाठी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली. निळ्या जमिनीवर पिवळी इंग्रजी अक्षरं, इंदूज लेडीज टेलर्स. आपल्यामागं बायकोनं मशीन घेऊन घराच्या कोपऱ्यात बसू नये, पेठेत पाटीखाली बसावं, एवढी एकच त्यांची इच्छा होती. खंडेनवमीला आई मशीनला हार घालायची आणि स्टुलावर चढून पाटीलाही घालायची.

बाजारवाचनाच्या दिवशी आई सकाळपासून लगबगीत असे. दुकान झाडायची, ठेवणीतलं लुगडं नेसायची आणि तांब्याच्या घागरीत लिंबाचं सरबत करून ठेवायची. मी लहानपणी विचारलं होतं, सर आपल्याकडंच का थांबतात गं? तेव्हा ती म्हणाली होती, “सगळ्यांच्या चुका दावत दावत येत्यात आणि शेवटाला बरोबर कसं लिवायचं ते दावायला आपल्याकडं आणत्यात. सरास्नी आपली पाटी लई आवडती. त्यांचे उपकार हायेत बाई आपल्यावर.”

कसले उपकार, ते मी विचारलं नाही. मोठी माणसं कुणाचे ना कुणाचे उपकार मानतच असतात. पण शेवटचं, बरोबर उदाहरण आपलं, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळं त्या दिवशी मी घोळक्यात अगदी पुढं चालत होते. वेण्यांना नव्या रिबिनी. छाती पुढं. आता सर माझ्या वडिलांची पाटी दाखवणार!

आई दारात उभी होती. “या सर, या. यंदा आमची विमलबी हाय तुमच्यात.”

“हो का? वा, वा,” सर म्हणाले. “इंदूबाई, तुमची पाटी म्हणजे आमच्या सहलीचा कळस. बघा रे मुलांनो, नीट बघून घ्या. काही बोलायचं नाही. नुसतं बघायचं.”

मी वर पाहिलं. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली पाटी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली. ‘इंदूज’मध्ये टिकली, ती बरोबर होती. ‘लेडीज’मध्ये टिकली. ‘टेलर्स’मध्ये टिकली. ‘लेडीज’चं तर स्पेलिंगही त्या टिकलीनं मधेच मोडून टाकलं होतं. प्रत्येक टिकली वडिलांनी लाल रंगात, बारीक ब्रशनं, मन लावून काढली होती. बाजारात कुठल्याच पाटीवर इतक्या सुरेख टिकल्या नव्हत्या.

आई पेले भरत होती. पोरं सरबत पीत होती, एकमेकांना कोपरं मारत होती आणि ओठ आवळून हसू दाबत होती. सर म्हणाले, “सुंदर, इंदूबाई, फारच सुंदर.” आई लाजली. लाजली हो! पन्नाशीकडं झुकलेली बाई, पाटीचं कौतुक ऐकून पदर सारखा करत होती.

दुकान मागं टाकून आम्ही पाण्याच्या टाकीच्या वळणावर आलो. तिथं सर थांबले. “हं. आता हसा.”

आणि दाबून ठेवलेलं सगळं हसू एकदम फुटलं. ही दर वर्षीची रीत होती. सरबत प्यायलेलं असल्यामुळं दुकानासमोर हसायचं नाही, वळणावर येऊन हसायचं. सरांच्या सभ्यतेची हद्द तेवढी होती.

“पिसे,” सर मला म्हणाले, “तुझ्याच घरची पाटी. तूच सांग, कुठल्या टिकल्या चुकल्या?”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी सांगितलं. एकेक करून, कारणासकट, सरांनी शिकवलं तसं. एकही उत्तर चुकलं नाही.

“शाब्बास! हुशार आहेस,” सर म्हणाले. मग वाकून, गंमत केल्यासारखे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “घरी बोलू नकोस हं. आईनं पाटी बदलली तर पुढच्या वर्षी आपण काय बघायचं?”

पुन्हा हशा. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते त्या वळणावर मला कळलं. मी रडले नाही. सरांच्या छत्रीकडं बघत राहिले आणि मनात म्हटलं, सर, ह्याचं उट्टं मी काढणार. कसं ते माहीत नव्हतं. पण काढणार, हे पाण्याच्या टाकीइतकं समोर दिसत होतं.

संध्याकाळी आईनं विचारलं, “सर काय म्हणाले गं पाटीबद्दल?”

“छान आहे म्हणाले.”

“आनि पोरं?”

“त्यांनापण आवडली.”

आईनं मशीनवरचा कपडा काढला आणि गुणगुणत काजं करायला घेतली. तिला सांगावं असं एकदाही मनात आलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पाटी उतरवली असती, आणि पाटी उतरल्यावर वडील दुसऱ्यांदा गेले असते.

संधी माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर आली. जिल्ह्याच्या एका शिक्षणसंस्थेला आमच्या गावात इंग्रजी शाळा काढायची होती. मुख्याध्यापक म्हणून हुपरीकर सरांचं नाव पुढं होतं. संस्थेच्या अध्यक्षा, उर्मिलाबाई खर्डेकर, यांच्या कानावर सरांच्या बाजारवाचनाची कीर्ती गेली होती आणि त्यांना ते प्रत्यक्ष बघायचं होतं. सरांनी दिवाळीनंतर खास त्यांच्यासाठी पुन्हा एकदा बाजारवाचन ठरवलं.

क्लासमध्ये सरांनी आमची तालीम घेतली. “मी पाटी दाखवीन. ज्याला विचारीन त्यानं खणखणीत आवाजात चूक सांगायची. ही शाळा माझ्या आयुष्याचं स्वप्न आहे, मुलांनो. माझी लाज तुमच्या हातात आहे.”

लाज तुमच्या हातात आहे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बरं झालं सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी मी अश्फाकला शाळेच्या हौदापाशी गाठलं.

“तुझ्या अब्बांच्या पाटीला सगळ्यात मोठ्यानं तूच हसलास.”

त्यानं तोंड फिरवलं. “मी नसतो हसलो तर सगळी माझ्याकडं बघून हसली असती.”

“मला माहीत आहे. मी पण तेवढ्यासाठीच वळणावर उत्तर दिलं.”

त्यानं हौदाची तोटी उगीच सोडून बंद केली. मग म्हणाला, “अब्बांनी घरी आल्यावर विचारलं, सर काय म्हणत होते रे अंड्याचं? मी म्हटलं, तुमची अंडी चांगली असतात म्हणत होते.”

दोघांच्याही घरी एकच खोटं शिजलं होतं. माझा राग त्या क्षणी दुप्पट झाला.

“अश्फाक, खर्डेकरबाई येतील तेव्हा सरांनी विचारलं की म्हणायचं, बरोबर आहे. काही चूक नाही. सगळ्या पाट्यांना.”

“खुळी झालीस काय? मार बसंल.”

“बाईंसमोर नाही मारणार. आणि नंतर मारलंच तर मारू दे. त्यांनी एकाला तरी सांगितलं का रे कधी, की हे असं नको, असं लिहा? तुझे अब्बा विचारत होते. काय म्हणाले सर?”

“राहू द्या, चालतंय.”

“मग चालू दे की.”

अश्फाक हसला. बाकीच्यांना पटवायला फार वेळ लागला नाही. ज्याच्या बापाची पाटी नव्हती त्याच्या मामाची होती, नाहीतर चुलत्याची. प्रत्येकाला वळणावरचं कुठलं ना कुठलं हसू आतून टोचत होतंच, फक्त कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मला एकच काळजी होती, आईची. पण सर आईच्या दुकानासमोर विचारत नाहीत, वळणावर विचारतात. वळणापर्यंत जायची वेळच येणार नाही, त्याआधीच सरांचा बाजार उठलेला असेल, असा माझा हिशेब होता.

त्या दिवशी सरांनी बंद गळ्याचा कोट घातला होता. खर्डेकरबाई साध्या सुती साडीत आल्या. चष्म्यातून सगळीकडं शांतपणे बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सर त्यांना अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत समजावत होते, “हा आमचा जिवंत फळा आहे, मॅडम. पुस्तकात जे महिनोन् महिने कळत नाही, ते पोरांना इथं एका फेरीत कळतं.”

पहिली पाटी मुल्लांची. छत्रीचं टोक टिकलीला लागलं.

“अश्फाक, काय चुकलंय इथं?”

अश्फाक पुढं आला, पाटीकडं बघितलं. “काही नाही सर.”

“नीट बघ.”

“बघितलं सर. बरोबर आहे.”

मुल्लाचाचा आतून खुशीनं म्हणाले, “बरोबर हाय न्हवं? म्हटलंच मी.”

सर हसले. “घाबरलाय. मॅडमना बघून बुजलाय. चला पुढं.”

पुढं शीतपेयांचा गाडा. शिंत्र्यांच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, “बरोबर आहे सर.” फोटो स्टुडिओ. “बरोबर आहे सर.” पार्लर, जिथं टिकली हवी होती आणि नव्हती, तिथंही बरोबर. सरांच्या आवाजात आधी चेष्टा होती, मग धाक आला, मग विनवणी. “अरे, काल तर घोटून घेतलं ना आपण?” पोरं असे निष्पाप चेहरे करून उभी की मलाच हसू आवरेना. जोशी नावाच्या एका भित्र्या मुलाला सरांनी खांद्याला धरून विचारलं. तो घामानं निथळला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, “बरोबर वाटतंय, सर.”

“हुपरीकर,” खर्डेकरबाई म्हणाल्या, “हे तुम्ही मुलांना शिकवलंय ना नक्की?”

सरांच्या कपाळावरचा घाम मला दिसला. गार वाऱ्याचा दिवस होता. मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. त्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि रुमाल खिशात ठेवायचं विसरून तसाच मुठीत धरून चालायला लागले.

इथं थांबतील असं मला वाटलं होतं. थांबले नाहीत. एक आशा अजून शिल्लक होती त्यांना, आणि ती मी होते. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. वळणावर न चुकता उत्तर देणारी.

आई दारात उभी होती. घागर, पेले, ठेवणीतलं लुगडं. “या, या. बाई, तुमीबी बसा की. उन्हातनं आलासा.”

सर तिच्याकडं बघितल्यासारखं करून न बघता म्हणाले, “मॅडम, ही विमल पिसे. माझी सर्वोत्तम विद्यार्थिनी. आणि ही पाटी तिच्याच घरची आहे. विमल, सांग बाळ. काय चुकलंय?”

स्वतःची रीत त्यांनी मोडली. वळण तर नव्हतंच, आईसमोर, आईच्या दारात विचारलं. शाळा हातची जाते म्हटल्यावर सरबताचीही चाड राहिली नाही.

आईनं पेला भरता भरता मान वर केली. “चुकलंय?” ती म्हणाली. “काय चुकलंय गं विमे?”

सगळा डाव माझ्याच दारात येऊन माझ्याच आईच्या गळ्याशी लागला होता. मी म्हटलं, “काही नाही गं आई. बरोबर आहे, सर. पाटी बरोबर आहे.”

“असणारच की!” आईचा चेहरा उजळला. ती खर्डेकरबाईंकडं वळली. “आवो बाई, ही पाटी चुकंल कशी? सरांनीच तर तपासलीया ती.”

सरांचा छत्रीचा हात खाली आला.

“सरांनी?” खर्डेकरबाईंनी विचारलं.

“व्हय. आमच्या ह्यांनी कागदावर लिवलं हुतं आधी. पेठेतल्या समद्या पाट्या बघून आले, म्हणाले, इंग्रजीत शेवटाला टिकली द्यायची रीत दिसतीय, पर खात्री न्हाई. चुकीचं नगं व्हायला, लोक तुला हसतील. आनि मग तसल्या दुखण्यात, भिताडाला धरत धरत, सरांच्या घरी गेले कागद घेऊन. सरांनी बसवून घेतलं, चष्मा लावून वाचलं आनि म्हणाले, एकदम बरोबर, अशीच रंगवा, काई बदलू नगा.” आईनं पदरानं डोळ्याची कड टिपली. “ह्यांनी घरी येऊन दोनदा सांगितलं मला. सर म्हणाले, एकदम बरोबर. लई खूश हुते त्या दिवशी. म्हणून तर दर सालाला सर पोरं घिऊन येत्यात. उपकार हायेत त्यांचे.”

उपकार ते हे.

माझे वडील, धड उभं राहायचं बळ नसलेले, फक्त लोकांनी आईला हसू नये म्हणून भिंत धरत गेले होते. आणि ह्या माणसानं चष्मा लावून चूक बघितली, ओळखली आणि जपून ठेवली. बाजारवाचनासाठी. आपल्याला दर वर्षी एक कळस हवा म्हणून. वळणावर हसायला एक शेवटची पाटी हवी म्हणून.

मी सरांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. खर्डेकरबाई आधी पाटीकडं बघत होत्या, मग सरांकडं. त्यांना इंग्रजी येत होतं. काय झालंय ते त्यांना कळत होतं, अश्फाकला कळत होतं, सगळ्या पोरांना कळत होतं. फक्त आईला नाही.

“तेव्हा... बरीच वर्षं झाली,” सर पुटपुटले. “घाईत असेन मी.”

“घाईत कुठलं सर?” आई म्हणाली. “च्या बी पाजलासा की त्यास्नी.”

मला तिथंच थांबता आलं असतं. सर मेल्याहून मेले होते. दुसरी कुणी असती तर थांबलीही असती. मी दोन पावलं पुढं गेले, सरांच्या समोर उभी राहिले आणि वर्गात विचारतात तसं, अदबीनं विचारलं,

“सर, मग तुम्हीच सांगा ना बाईंना. माझ्या वडिलांची पाटी बरोबर आहे की चूक?”

सर माझ्याकडं बघायला लागले. त्या नजरेत राग होता, आधी. चूक म्हणावं तर एका मरणाऱ्या माणसाला त्यांनी मुद्दाम फसवलं, हे पेठेत सगळ्यांसमोर सिद्ध. बरोबर म्हणावं तर ज्या बाईंसमोर उभे होते त्यांच्यासमोर इंग्रजीचा मास्तर म्हणून संपले. मी त्यांना एवढ्याच दोन वाटा ठेवल्या होत्या आणि दोन्ही वाटांवर मीच उभी होते. घाई नव्हती मला. मी वाट बघत राहिले.

त्यांनी आईकडं पाहिलं. आई भरलेला पेला पुढं धरून उभी होती, त्यांनी काय सांगायचं ते आधीच ठाऊक असल्यासारखी, हसऱ्या तोंडानं.

“बरोबर आहे,” सर म्हणाले.

“जरा मोठ्यानं, सर. मागच्या मुलांना ऐकू आलं नाही.”

“पाटी बरोबर आहे,” सर मोठ्यानं म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला.

पुढं अश्फाक मला म्हणत असे, सरांनी तुझ्या आईवर दया केली, नाहीतर काहीही बोलले असते. केली असेल. मी त्याचं माप त्यांच्या पदरात टाकायला तयार नाही. दया करायची तर ती कागद घेऊन आलेल्या माणसावर करायची होती.

खर्डेकरबाईंनी आईच्या हातचं सरबत घेतलं, सगळं संपवलं आणि तिला म्हणाल्या, “तुमच्या मालकांची अक्षरं फार देखणी आहेत.” मग सरांना फक्त “येते मी” एवढंच म्हणाल्या आणि जीपकडं चालू लागल्या. सर त्यांच्यामागं चार पावलं गेले आणि थांबले. वळणावर त्या दिवशी कुणी हसलं नाही. कुणी गेलंच नाही तिकडं.

शाळा पुढच्या जूनला निघाली. मुख्याध्यापक मिरजेहून आले. बाजारवाचन बंद झालं.

पण क्लास चालू होता आणि माझं अजून भागलं नव्हतं. खर्डेकरबाई येऊन गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सरांनी निबंध लिहायला दिला, आमचा बाजार. मी मन लावून दोन पानं लिहिली आणि जिथं जिथं अनेकवचनाचा ‘एस’ आला तिथं तिथं त्याच्या आधी एक टिकली दिली. दुकानं, भाज्या, माणसं, सायकली, सगळ्यांना. लाल शाईनं, सुबक, माझ्या वडिलांनी दिली असती तशी. अश्फाकनं बघितलं आणि त्यानंही दिल्या. मग शिंत्र्यांच्या पोरीनं. त्या आठवड्यात वह्यांचा गठ्ठा सरांच्या टेबलावर गेला तेव्हा त्यात टिकल्यांचं पीक आलं होतं.

सरांनी माझी वही सगळ्यात शेवटी उघडली. बाकीची पोरं गेली होती, त्यांनी मला थांबवून घेतलं होतं. पेन हातात धरून ते पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर गेले, पुन्हा पहिल्यावर आले. पेन एका टिकलीवर टेकवलं आणि उचललं.

“पिसे,” ते म्हणाले. खूप दमलेला आवाज होता. “मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. तिथं असं लिहू नकोस. तुझं नुकसान होईल.”

“नाही लिहिणार सर,” मी म्हटलं. “परीक्षेत मी सगळं बरोबर लिहिणार आहे. हे फक्त तुमच्यासाठी आहे.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर हटवली नाही. मग त्यांनी मान खाली घातली, पानाच्या तळाशी बरोबरची खूण केली, खाली सही केली आणि वही माझ्याकडं सरकवली.